आधी लपायला लावायचे, मग लबाड ठरवायचे

फ्रँक कॅमेनी हे खगोलशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आघाडीवर लढलेले, हार्वर्ड विद्यापीठातून पीएचडी झालेले. १९५७ साली ते अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागात नोकरीला होते. रशियाचा पहिला उपग्रह त्याच वर्षी आकाशात गेला, आणि अमेरिकेला अशा शास्त्रज्ञांची गरज कधी नव्हती एवढी भासू लागली. नेमक्या त्याच सुमारास कॅमेनी यांना चौकशीला बोलावण्यात आले, ते समलिंगी असल्याचा ठपका ठेवण्यात आला आणि त्यांना नोकरीवरून काढून टाकण्यात आले. केंद्र सरकारच्या नोकरीचे दार त्यांना बंद झाले. त्यांच्या कामातली चूक कोणी दाखवली नाही. तशी ती दाखवण्याची गरजही कोणाला वाटली नाही.

त्या काळात असे हजारोंच्या बाबतीत घडले. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी एप्रिल १९५३ मध्ये काढलेल्या आदेशात ‘लैंगिक विकृती’ हे सरकारी नोकरीला अपात्र ठरवणारे कारण म्हणून नमूद झाले होते. सांगितले जाई ते असे : समलिंगी माणसाला शत्रूचे हेर गाठतील, गुपित फोडण्याची धमकी देतील आणि तो घाबरून देशाची गुपिते देऊन टाकेल. १९५० साली सिनेटच्या एका समितीने याची चौकशी केली, तेव्हा तिला दाखला सापडला तो पहिल्या महायुद्धापूर्वीच्या एका ऑस्ट्रियन अधिकाऱ्याचा. अमेरिकेतला एकही दाखवता आला नाही.

पण पुरावा बाजूला ठेवू आणि हा युक्तिवादच तपासू. त्या माणसाला धमकावता येते, कारण गुपित फुटले तर त्याची नोकरी जाईल. नोकरी घेणार कोण? हेच सरकार. म्हणजे भीती सरकारने घालायची आणि हा माणूस भितो म्हणून विश्वासाला पात्र नाही, असा निवाडाही सरकारनेच द्यायचा. आधी माणसाला लपायला लावायचे आणि मग लपतो म्हणून त्याला लबाड ठरवायचे. अमेरिकेतील समलिंगी हक्कांच्या चळवळीचा इतिहास म्हणजे या सापळ्याचे एकेक दात मोडत जाण्याचा इतिहास आहे. मराठी वाचकाने तो समजून घ्यावा असे मला कळकळीने वाटते, कारण हाच सापळा आपल्या घराघरांत आजही लावलेला आहे.

या चळवळीचा आरंभ पुष्कळ जण १९६९ च्या स्टोनवॉल संघर्षापासून धरतात. तो त्याच्या कितीतरी आधीचा आहे. १९२४ साली शिकागोमध्ये टपाल खात्यातील एक कर्मचारी हेन्री गर्बर यांनी समलिंगी माणसांच्या हक्कांसाठी एक छोटी संस्था रीतसर नोंदवली. काही महिन्यांतच पोलीस त्यांच्या दारात आले. खटला टिकला नाही, तरी गर्बर यांची नोकरी गेली, शिल्लक वकिलांवर संपली आणि संस्था बुडाली. यातून सर्वांनी एकच धडा घेतला : तोंड उघडाल तर उद्ध्वस्त व्हाल. म्हणूनच १९५० मध्ये हॅरी हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमध्ये ‘मॅटाशीन सोसायटी’ काढली तेव्हा ती भूमिगत संघटनेच्या धर्तीवर बांधली. १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डेल मार्टिन आणि फिलिस लायन यांनी इतर काही जोडप्यांसह समलिंगी स्त्रियांची संघटना उभी केली. तिच्या मासिकात लिहिणाऱ्या अनेक जणी टोपणनावाने लिहीत.

बोलणे हाच गुन्हा होता. लॉस एंजेलिसहून निघणाऱ्या ‘वन’ या मासिकाचा १९५४ मधला एक अंक टपाल खात्याने अश्लील म्हणून अडवला. मासिकाने माघार घेतली नाही, आणि १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मासिकाच्या बाजूने निकाल दिला. समलिंगी संबंधांविषयी लिहिले एवढ्यानेच ते लेखन अश्लील होत नाही, हे त्यातून प्रस्थापित झाले. इथे मराठी वाचकाला रघुनाथ धोंडो कर्वे आठवायला हवेत. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून या गणिताच्या प्राध्यापकाला नोकरी सोडावी लागली. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात ते वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरे देत. त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्याही शंका असत. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला, कर्वे यांना दंड झाला. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हा प्रश्न जाण्याच्या दोन तपे आधी मुंबईच्या कोर्टात तो दोन मराठी माणसांनी मांडला होता. ज्यांना हा विषय परका वाटतो, त्यांनी आपल्या घरातल्या या वारशाकडे एकदा पाहावे.

आता पुन्हा कॅमेनी यांच्याकडे वळू. नोकरी गेल्यावर त्यांच्यासमोर नेहमीची वाट होती : गप्प बसायचे, दुसऱ्या गावी जायचे, नाव बदलायचे. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. वकील पुढे यायला तयार नव्हता, तेव्हा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. १९६१ मध्ये न्यायालयाने तो ऐकून घ्यायलाही नकार दिला. मग त्यांनी वॉशिंग्टनमध्ये संघटना काढली, आणि १७ एप्रिल १९६५ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानासमोर जेमतेम दहा जण फलक घेऊन उभे राहिले. पुरुष कोट-टायमध्ये, स्त्रिया नीटनेटक्या पोशाखात. आपले चेहरे वृत्तपत्रात आले तर काय होईल हे त्या दहाही जणांना ठाऊक होते.

कॅमेनी यांचे मोठेपण मला त्या धैर्यापेक्षाही त्यांच्या तर्कात दिसते. तोवर समलिंगींच्या संघटना डॉक्टरांना बोलावून विचारत : आम्ही असे का झालो, यावर उपाय आहे का? कॅमेनी यांनी हा प्रश्नच नाकारला. आम्ही आजारी आहोत असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे, निरोगी असल्याचा दाखला घेऊन आम्ही का फिरावे? आरोप करणाऱ्यानेच पुरावा द्यायचा, हा न्यायाचा साधा नियम आहे. तो त्यांनी स्वतःला लावून घेतला आणि चळवळीचा कणा ताठ झाला.

तसा पुरावा वैद्यकाकडे नव्हताच. मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी १९५० च्या दशकात तीस समलिंगी आणि तीस भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसिक चाचण्या घेतल्या आणि नावे झाकून त्या नामवंत तज्ज्ञांपुढे ठेवल्या. यांतला समलिंगी कोण, हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही. तोवरचे निष्कर्ष मुख्यतः रुग्णालयातल्या आणि तुरुंगातल्या माणसांवरून काढलेले होते. दुःखी माणसेच तपासायची आणि ही सगळी जमातच दुःखी असते असे म्हणायचे, असा तो प्रकार होता. त्या आधारावर कित्येकांना विजेचे झटके देण्यात आले, काहींच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाल्या. १९७२ मध्ये डॅलस येथील मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिवेशनात एक डॉक्टर मुखवटा घालून, सैलसर कपड्यांत, आवाज बदलून व्यासपीठावर आला आणि म्हणाला की मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि मी समलिंगी आहे. ते होते डॉ. जॉन फ्रायर. त्या सभागृहातल्या सहव्यावसायिकांपुढेही त्यांना चेहरा झाकावा लागला, यातच सारे आले. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये या मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेने मानसिक विकारांच्या यादीतून समलैंगिकता वगळली. त्यावर फेरविचाराची मागणी झाली, सभासदांचे मतदान झाले, आणि बहुमताने तो निर्णय कायम राहिला.

दरम्यान न्यूयॉर्कच्या ख्रिस्तोफर रस्त्यावर ठिणगी पडली होती. ‘स्टोनवॉल इन’ हा समलिंगींचा बार गुन्हेगारी टोळ्यांच्या हातात होता. असे कसे? समलिंगी गिऱ्हाइकांना मद्य दिले तर परवाना धोक्यात येई, म्हणून सरळमार्गी दुकानदार त्यांच्या वाटेला जात नसत. मग टोळीवाले पाणी घातलेली दारू चढ्या भावाने विकत आणि पोलिसांना हप्ता देत. ज्याला कायद्याचे संरक्षण नाही, त्याला गुंडही लुबाडतो आणि शिपाईही. २८ जून १९६९ च्या पहाटे धाड पडली, तेव्हा लोक पांगण्याऐवजी उलटून उभे राहिले, आणि संघर्ष पुढे कित्येक रात्री चालला. त्यात रस्त्यावर राहणारी मुले होती, स्त्रीवेशातले पुरुष होते, ज्यांना आज आपण ट्रान्स म्हणतो त्या व्यक्ती होत्या. ज्यांच्याकडे गमावण्यासारखी अब्रू समाजाने शिल्लकच ठेवली नव्हती, ते सर्वांत आधी पुढे झाले. बरोबर वर्षाने, २८ जून १९७० रोजी, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून हजारोंचा मोर्चा भरदिवसा निघाला.

चळवळीचे गुणगान करताना तिचे अपराध झाकू नयेत. १९७३ च्या न्यूयॉर्कमधील मेळाव्यात सिल्व्हिया रिव्हेरा या ट्रान्स कार्यकर्तीची ती बोलत असताना आपल्याच लोकांनी हुर्यो उडवली. ‘सभ्य’ दिसण्याच्या हव्यासाने चळवळीने आपल्यातल्याच दुबळ्यांना मागे ढकलले. कृष्णवर्णीयांच्या चळवळीतही हेच झाले. गांधीविचारांच्या ओढीने १९४८ मध्ये भारतात येऊन गेलेले बायर्ड रस्टिन हे १९६३ च्या प्रचंड वॉशिंग्टन मोर्चाचे मुख्य संयोजक. ते समलिंगी म्हणून त्यांना वर्षानुवर्षे पडद्याआड ठेवण्यात आले. अन्यायाविरुद्ध लढणाराही दुसऱ्यावर अन्याय करू शकतो, हे प्रत्येक सुधारकाने स्वतःला रोज बजावावे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. मते बदलली कशी? १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी शिक्षकांना आणि त्यांची बाजू घेणाऱ्यांना सरकारी शाळांतून काढण्याचा प्रस्ताव जनमतासाठी ठेवण्यात आला. सुरुवातीला तो सहज मंजूर होईल अशी चिन्हे होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळावर निवडून आलेले हार्वे मिल्क, हे उघडपणे समलिंगी असलेले लोकप्रतिनिधी, राज्यभर फिरून आपल्या लोकांना एकच सांगत राहिले : आईवडिलांना सांगा, शेजाऱ्यांना सांगा, सोबत काम करणाऱ्यांना सांगा. ज्याला आपण ओळखतो, त्याच्याविरुद्ध मत देणे माणसाला जड जाते. नोव्हेंबरमध्ये सुमारे ५८ टक्के मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला मिल्क आणि महापौर मॉस्कोनी यांचा एका माजी सहकाऱ्याने गोळ्या घालून खून केला.

याची दुसरी बाजू १९८६ मध्ये दिसली. प्रौढांच्या खासगी समलिंगी संबंधांना शिक्षा देणारा जॉर्जिया राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवला. काठावर असलेले न्यायमूर्ती लुईस पॉवेल म्हणाले होते की आपण आजवर एकाही समलिंगी माणसाला भेटलेलो नाही. हे त्यांनी ज्या सहायकाला सांगितले, तो स्वतः समलिंगी होता आणि ते सांगण्याचे धैर्य त्याला झाले नाही. निवृत्तीनंतर पॉवेल यांनी आपले मत बहुधा चुकल्याचे कबूल केले. पण तो निकाल रद्द व्हायला २००३ साल उजाडले. एका खोलीतल्या एका मौनाची किंमत लाखो माणसांनी सतरा वर्षे मोजली. दोष त्या तरुणाचा म्हणू नका. दोष त्या मौनाला शहाणपण मानणाऱ्या समाजाचा आहे.

आणि मौनाने जीवही घेतले. जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद झाली. ती एड्सची पहिली अधिकृत नोंद. १९९५ अखेर अमेरिकेत या रोगाने तीन लाखांहून अधिक बळी घेतले होते. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी या विषयावर पहिले मोठे भाषण केले ते १९८७ मध्ये. ‘त्यांचा’ रोग म्हणून देश स्वस्थ होता. त्याच वर्षी ‘ॲक्ट अप’ ही संघटना जन्मली आणि मौन म्हणजे मृत्यू हे तिचे घोषवाक्य झाले. मरणाऱ्यांनी औषधशास्त्राचा अभ्यास केला, औषध प्रशासनाच्या दारात धरणे धरले आणि चाचण्यांचे नियम बदलायला लावले. त्याचा लाभ पुढे इतर असाध्य रोगांच्या रुग्णांनाही झाला. याच काळात विवाहाच्या हक्काची निकड सर्वांना कळली. वर्षानुवर्षे सोबत राहिलेल्या जोडीदाराला रुग्णालयात खाटेजवळ जाता येत नसे, आणि मृत्यूनंतर नातलग येऊन त्याला घराबाहेर काढत.

एडिथ विंडसर यांची हकिगत मला या साऱ्याचे सार वाटते. १९६७ मध्ये त्यांनी थिया स्पायर यांच्याशी आयुष्य जोडले तेव्हा बोटात अंगठी घातली नाही, हिऱ्यांची पिन लावली. अंगठी पाहून कचेरीत विचारले असते, ‘तो’ कोण? चार दशकांनी, २००७ मध्ये, दोघींनी कॅनडात विवाह केला. २००९ मध्ये थिया वारल्या, आणि हा विवाह आम्हाला मान्य नाही म्हणत अमेरिकन सरकारने विंडसर यांच्याकडून ३,६३,०५३ डॉलर वारसाकर वसूल केला. नवरा वारला असता तर एक पैसाही लागला नसता. त्या लढल्या आणि २६ जून २०१३ रोजी जिंकल्या. बरोबर दोन वर्षांनी त्याच तारखेला समलिंगी विवाहाचा हक्क साऱ्या देशात मान्य झाला.

आपल्याकडे यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात, १५३३ मध्ये झालेला कायदा इंग्रजांनी अमेरिकेतल्या वसाहतींत नेला आणि १८६० च्या दंडसंहितेचे ३७७ वे कलम होऊन तो आपल्याकडेही आला. आयात झाली ती शिक्षेची. समलिंगी माणसे इथे होतीच. ६ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले. त्या निकालात अमेरिकेच्या २००३ च्या निकालाचा आधार आहे, आणि बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडलेल्या संवैधानिक नैतिकतेचाही. बहुसंख्याकांना काय रुचते यावर नागरिकाचा हक्क ठरत नाही, हा तिचा अर्थ.

दुसरा आक्षेप अधिक सौम्य आणि म्हणून अधिक घातक : घरात काय करायचे ते करा, बोभाटा कशाला? अमेरिकेने हा तोडगाही करून पाहिला. विचारू नका, सांगू नका, असे धोरण १९९३ मध्ये सैन्यासाठी ठरले. ते सुमारे सतरा वर्षे चालले आणि तेरा हजारांहून अधिक सैनिकांना घरी जावे लागले. जोडीदाराचे पत्र, टेबलावरचा फोटो, सुटीत कुठे गेलो होतो याचे खरे उत्तर, सारे काही ‘सांगणे’ ठरत गेले. आपण लग्नपत्रिका छापतो, वरात काढतो, मंगळसूत्र घालतो, पन्नासाव्या वाढदिवसाला जोडीने ओवाळून घेतो. त्याला कोणी बोभाटा म्हणत नाही. मग दुसऱ्याने नुसते ‘हा माझा जोडीदार’ म्हटले तर तो बोभाटा कसा?

या ‘बोभाटा नको’मुळे आपल्या समाजात सर्वांत मोठे पातक घडते. मुलगा सांगतो की मला मुलगी नको, आणि आईवडील म्हणतात, लग्न झाले की सुधारेल. मग एका अजाण मुलीला बोहल्यावर उभे केले जाते. तिला सत्य कोणी सांगत नाही. वर्षानुवर्षे ती स्वतःतच काहीतरी उणे आहे असे समजून झुरत राहते. बालविधवांच्या दुःखाने ज्या महाराष्ट्राचे सुधारक पेटून उठले, त्या महाराष्ट्राने या मुलींसाठी तरी जागे व्हावे.

हक्क एकदा मिळाले की कायमचे, असेही मानू नये. २०२५ च्या फेब्रुवारीत स्टोनवॉलच्या राष्ट्रीय स्मारकाच्या सरकारी संकेतस्थळावरून ट्रान्स व्यक्तींचा उल्लेखच पुसण्यात आला. जे त्या रात्री पुढे होते, त्यांनाच पुन्हा लपवण्यात आले. आपल्याकडेही २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले आणि प्रश्न संसदेवर सोपवला. म्हणजे तो मतदारांवर, तुमच्या-माझ्यावर आला आहे.

मग आपण काय करायचे? १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या मोर्चात जीन मॅनफोर्ड नावाची एक शिक्षिका आपल्या समलिंगी मुलाच्या बरोबरीने चालली. अनोळखी मुले धावत येऊन तिला म्हणू लागली, आमच्या आईशी बोला ना. पुढच्या वर्षी तिने अशा आईवडिलांना एकत्र बसवायला सुरुवात केली, आणि त्यातून देशभर पसरलेली संघटना उभी राहिली. आपल्याकडेही असे पालक आता पुढे येत आहेत. त्यांची संख्या वाढवणे आपल्या हातात आहे. आईवडिलांनी मुलाला सत्य आणि घर यांतले एक निवडायला लावू नये. डॉक्टरांनी ‘बरे करतो’ म्हणून एक रुपयाही घेऊ नये. शिक्षकांनी वर्गातल्या ‘बायल्या’, ‘छक्का’ अशा हाकांना हसून सोडू नये. कचेऱ्यांनी नियम लिहून ठेवावेत आणि पाळावेत. आमदार-खासदारांना मते मागायला आल्यावर विचारावे की या नागरिकांच्या वारसाचे, विम्याचे, रुग्णालयातल्या सहीच्या हक्काचे काय केलेत?

फ्रँक कॅमेनी यांची अमेरिकन सरकारने २००९ मध्ये रीतसर माफी मागितली, बावन्न वर्षांनी. ते तोवर जगले म्हणून ती ऐकू शकले, असंख्य जण तेवढे जगले नाहीत. खरे बोलण्याची जी किंमत आजवर एकेकट्याने मोजली, ती कमी करणे हे बाकीच्या सर्वांचे कर्तव्य आहे. त्यासाठी मोर्चा काढायलाच हवा असे नाही. आपल्या घरात, आपल्या ताटाला ताट लावून बसणाऱ्या मुलाला किंवा मुलीला इथे खरे बोलले तरी चालते याची खात्री पटेल असे आपण वागलो, तर लपण्याचे कारण तिथेच संपते. ती खात्री देणे कोणत्याही न्यायालयाच्या हाती नाही. ती आपल्यालाच द्यावी लागेल, आणि मुलांनी विचारण्याची वाट न पाहता द्यावी लागेल.